मोटारीचा चारा

मागच्या वर्षी तान्ह्या पोळ्याला आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो, तेव्हा कोठ्यात बैलांच्या शेजारी एक पांढरी मोटार उभी होती. भिंतीतून निघालेली एक जाड काळी वायर तिच्या नाकात गेली होती. बैल कुटार खात होते आणि मोटारही, तिच्या परीने, खात होती. पुतण्याने ती नुकतीच कोणाकडून तरी वापरलेली विकत घेतली होती. विजेची मोटार! हिरवी नंबरपाटी पाहून मी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिली.

माझ्या आश्चर्याचे कारण निराळे होते. माझा मुलगा नागपुरात चौथ्या मजल्यावर राहतो. कचेरीला जाऊन येऊन दिवसाला पंचवीस किलोमीटर, सगळे डांबरी रस्ते, खिशात पैसा आणि डोक्यात पर्यावरण. विजेच्या मोटारीसाठी याहून लायक माणूस शोधून सापडायचा नाही. पण त्याने शेवटी पेट्रोलची मोटार घेतली. का, तर मोटार उभी करण्याच्या जागेपर्यंत वायर नेण्यास त्याच्या सोसायटीची परवानगी मिळेना. इकडे पुतण्या, ज्याच्या गावाला पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात धूळ, तो मात्र बिनदिक्कत वीज भरतो आहे. मी म्हटले, "अरे, हे उलटे कसे झाले?" त्यावर तो म्हणाला, "काका, गाडी कोणची हाय ते नका इचारू. गाडीले कोठा हाय का, ते इचारा."

मी पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. मुलांना चाकाचा शोध, वाफेचे इंजिन, आगगाडी असे क्रमाने सांगत गेलो; पण वाहन खाते काय आणि ते खाणे येते कोठून, हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. पुतण्याच्या त्या एका वाक्याने तो माझ्या मागे लागला.

आमच्या वर्धा जिल्ह्यात त्याचे उत्तर एके काळी अगदी सोपे होते. आर्वी, आष्टी, कारंजा हा टापू गवळाऊ बैलांचा. पांढरा, अंगाने हलका, पायाने चपळ असा हा बैल नांगराइतकाच धावण्यासाठी नावाजलेला. त्याला रेंगीला जुंपला की दहा-बारा कोस ही काही मोठी मजल नव्हे. आजोबा कापसाची बंडी घेऊन आर्वीहून पुलगावच्या बाजाराला जात, तेव्हा बैलांचे दोन दिवसांचे खाणे बंडीतच बांधलेले असे. ज्वारीचा कडबा वावरातला, कुटार आपल्याच तुरीचे, आणि ढेप ज्या सरकीची तीही आपल्याच पऱ्हाटीची. मीठ आणि पायाचे नाल सोडले तर त्या वाहनाला गावाबाहेरचे काही लागत नसे. अर्थात त्यात सुखच सुख होते असे मी म्हणणार नाही. जोडीच्या पोटासाठी जमिनीचा बराच तुकडा अडकून पडे, आणि दुष्काळात माणसाआधी बैल विकावा लागे. आजी म्हणायची, बैलाला रविवार नसतो. काम नसले तरी खातो. हे शेवटचे वाक्य पुढे उपयोगी पडेल म्हणून येथेच नोंदवून ठेवतो.

रेल्वे आली तेव्हा, १८६७ साली ती नागपूरला पोहोचली, लांबच्या वाहतुकीचे खाणे कोळसा झाले. पुलगाव-आर्वी ही छोटी गाडी तर आमच्या दाराशी धूर सोडीत असे. पण स्टेशनपासून घरापर्यंतचा रस्ता बैलांचाच राहिला. आणि मग मोटार आली.

वर्ध्यात मोटारीची एक गोष्ट जुनी माणसे अजून रंगवून सांगतात. जमनालाल बजाजांकडे एक जुनी फोर्ड गाडी होती. त्या काळी सेगावचा रस्ता म्हणजे रस्ता नव्हेच. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी मगनवाडीहून तिकडे राहायला गेले ते पायीच. त्या जुन्या फोर्डचे इंजिन निकामी झाले, की पेट्रोल परवडेना, कोण जाणे. तिच्या पुढे बैलांची जोडी जुंपण्यात आली. बसायला मऊ गादी, चाकांना रबर, आणि ओढायला बैल. इंग्रजीत बैलाला ऑक्स म्हणतात, तेव्हा या गाडीचे नाव गांधीजींनी ठेवले 'ऑक्सफर्ड'. विनोद त्यांच्या खास वळणाचा आहे. पण तो नुसता विनोद म्हणून सोडून देऊ नये. सांगाडा डेट्रॉइटचा आणि चारा वर्ध्याचा, असा तो संकर होता, आणि मोटारीचे खरे दुखणे त्यात नेमके पकडले होते.

हे दुखणे वहीत मांडणारा माणूस त्याच वेळी मगनवाडीत बसला होता. जे. सी. कुमारप्पा हे मूळचे हिशेबनीस, विलायतेत आणि अमेरिकेत शिकलेले. १९३४ साली ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचे ते सूत्रधार. जगातल्या संपत्तीचे त्यांनी दोन भाग केले. एक साठ्याची: कोळसा, तेल, खनिजे, काढाल तितकी कमी होणारी. दुसरी प्रवाहाची: पाऊस, पीक, जंगल, जनावर, दरसाल नव्याने येणारी. साठ्यावर जगणाऱ्यांना साठा राखण्यासाठी भांडावे लागते, असे त्यांचे म्हणणे. मगनवाडीत त्यांनी 'मगनदीप' नावाचा दिवा करविला. तो रॉकेलऐवजी गावच्या तेलबियांच्या तेलावर जळे. उजेड कंदिलाहून फार निराळा नसेल; पण पैसा गावात राही. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय वर्ध्यात आजही आहे. वाचक त्या बाजूला गेले तर त्यांनी ते जरूर पाहावे. लोक सेवाग्राम पाहून परत फिरतात आणि हे राहून जाते.

पुतण्याच्या मोटारीकडे पाहताना मला कुमारप्पांची आठवण झाली आणि वाटले, त्यांनी या गाडीला कोणत्या खात्यात टाकले असते? त्याकडे येतोच. आधी थोडे लांब जावे लागेल.

विजेची मोटार ही आजची वस्तू आहे असा आपला समज असतो. वस्तुतः ताशी शंभर किलोमीटरचा वेग ओलांडणारी जगातली पहिली मोटार विजेचीच होती. कामिय झेनात्झी नावाच्या बेल्जियन गृहस्थाने २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ तो पराक्रम केला. अमेरिकेत १९०० साली एकूण ४१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांत वाफेच्या १६८१, विजेच्या १५७५ आणि पेट्रोलच्या अवघ्या ९३६. विजेची मोटार धूर सोडीत नसे, आवाज करीत नसे आणि चालू करण्यासाठी हँडल फिरवून मनगट मोडून घ्यावे लागत नसे. खुद्द हेन्री फोर्डची पत्नी क्लारा विजेची मोटार वापरी!

मग ती हरली कशी? पाठ्यपुस्तके सांगतात की १९१२ साली पेट्रोलच्या गाडीला विजेचा स्टार्टर आला आणि हँडल गेले. टेक्सासमध्ये तेल सापडून पेट्रोल स्वस्त झाले. आणि फोर्डची मॉडेल टी सामान्यांच्या आवाक्यात आली. तिन्ही कारणे खरी आहेत. पण मला चौथे अधिक महत्त्वाचे वाटते. अमेरिकेचा शेतकरी त्या वेळी मोटारीचा मोठा गिऱ्हाईक होता, आणि त्याच्या घरी वीज नव्हती. १९३५ च्या सुमारासही तिथल्या दहा शेतांपैकी जेमतेम एकाला तार पोहोचली होती. पेट्रोल मात्र गावच्या दुकानात डब्यातून मिळे. डबा कोठेही नेता येतो, तार नेता येत नाही. विजेची मोटार शहरात जन्मली, शहरातच हिंडली, आणि खेड्याने तिला घरात घेतले नाही म्हणून मेली. इंग्लंडात दूधवाल्यांच्या गाड्या तेवढ्या विजेवर राहिल्या, कारण दूधवाल्याचा रस्ता ठरलेला, अंतर थोडे, आणि फेरी संपली की गाडी परत ठाण्यावर.

आपल्याकडेही शहराने विजेचे वाहन वापरले, पण तारेला बांधून. मुंबईची विजेची ट्राम १९०७ साली सुरू झाली आणि १९६४ च्या मार्चअखेर बंद पडली. ट्रॉलीबस १९६२ ते १९७१ अशी जेमतेम नऊ वर्षे टिकली. ही वाहने चारा बरोबर घेत नसत. रस्ताभर चरत जात. तार सोडून स्वतंत्र हिंडणारी विजेची मोटार आपल्याकडे खरी आली ती २००१ साली, बंगलोरच्या रेवाच्या रूपाने. लहानशी, खेळण्यासारखी. तिचे कौतुक पुष्कळ झाले. गिऱ्हाईक थोडे मिळाले.

आणि मग आमच्या शेजारी, नागपुरात, एक मोठा प्रयोग झाला. २६ मे २०१७ रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत ओला कंपनीने विजेच्या टॅक्सी आणि रिक्षा मिळून सुमारे २०० वाहने रस्त्यावर आणली. त्यांत महिंद्राच्या छोट्या मोटारी बऱ्याच होत्या. त्याच वर्षी देशातले पेट्रोल पंपावरचे पहिले चार्जिंग केंद्रही नागपुरातच उघडले. हेतू चांगला, शहर सपाट, अंतरे माफक. पण वर्ष संपायच्या आत चालक कुरकुरू लागले. दिवसाकाठी तासन् तास चार्जिंगच्या रांगेत जात. गाडी उभी म्हणजे कमाई उभी. २०१८ च्या आरंभी वर्तमानपत्रांत आले की कित्येक चालक विजेच्या गाड्या परत करून पेट्रोल-डिझेलच्या मागत आहेत. त्या वेळी पुष्कळांनी निष्कर्ष काढला की नागपूरसारख्या शहरात जे जमले नाही, ते खेड्यात काय जमणार!

मीही तेच म्हणत होतो. आज वाटते, आम्ही चुकीच्या ठिकाणी पाहत होतो. मोटार चालली की नाही हा प्रश्न नव्हता. ती चांगली चालत होती. पण टॅक्सीवाला राहतो भाड्याच्या खोलीत, गाडी लावतो रस्त्यावर. त्याला कोठा नाही. दिवसा धावणाऱ्या गाडीला दिवसाच चारा घालावा लागला आणि सगळ्यांना एकाच गव्हाणीवर उभे राहावे लागले. बैल रात्री खातो म्हणून दिवसा चालतो, ही साधी गोष्ट.

खेड्यातल्या माणसाकडे नेमकी तीच सोय आहे. अंगण आहे, भिंत आहे, भिंतीला पंधरा अँपियरचा सॉकेट बसवता येतो. पुतण्याचे आर्वीला बी-बियाण्यांचे दुकान आहे. जाणे-येणे, एखादा फेरा आडवाटेला, मिळून चाळीस किलोमीटर. त्याच्या गाडीची बॅटरी तीस युनिटांची. एका युनिटात सहा-साडेसहा किलोमीटर जातात, म्हणजे रात्री सहा-सात युनिटे भरली की झाले. युनिटाला दहा रुपये धरले तरी किलोमीटरला दीड रुपया. त्याच्या जुन्या पेट्रोलच्या गाडीला सात रुपये लागत. आणि ही गाडी उभी असली की खात नाही. आजी असती तर तिने या गुणाचे कौतुक केले असते.

पण येथे मला आवरायला हवे, कारण पुतण्या म्हणजे गाव नव्हे. गावातल्या बहुसंख्य घरांना कोणतीच मोटार परवडत नाही. त्यांचे वाहन दुचाकी. म्हणून विजेच्या वाहनाचा खेड्यातला इतिहास बहुधा दुचाकीवरूनच लिहिला जाईल, आणि त्यातही वर्ध्याचा धागा आहे. बजाज ऑटोची सुरुवात १९४५ साली ज्या कंपनीने झाली तिचे नाव बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन. बच्छराज म्हणजे जमनालालांना वर्ध्यात दत्तक घेणाऱ्या घराचे शेठ. त्या घराण्याची चेतक स्कूटर १९७२ पासून घरोघरी गेली, २००९ साली स्कूटरचे उत्पादनच थांबले, आणि २०२० च्या जानेवारीत चेतक परतली ती विजेची होऊन. ज्या वाड्यात फोर्डला बैल जुंपले गेले, त्याच घराण्याने घोड्याचे नाव असलेल्या गाडीतून पेट्रोल काढून टाकावे, हा योग मला मौजेचा वाटतो.

आता कुमारप्पांचे खाते. पुतण्या छप्पर दाखवून म्हणतो, "काका, हे पाहा, आपला कडबा." सरकारी योजनेतून त्याने तीन किलोवॉटची सौर पॅनेले बसवली आहेत. चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिटांच्या आसपास वीज होते. आणि ऊन तर आमच्याकडे इतके की मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. (तीच उष्णता बॅटरीचे आयुष्य खाते, हे तो सांगत नाही.) ऊन ही प्रवाहाची संपत्ती खरी. पण बॅटरीतले लिथियम साठ्याचे, तेही परदेशातून आलेले. आणि रात्री जी वीज तो भरतो ती बव्हंशी चंद्रपूर-कोराडीसारख्या ठिकाणी कोळसा जाळून झालेली. राख आम्हा वैदर्भीयांच्याच वाट्याला. मला वाटते, कुमारप्पांनी पान उलटून दोन्ही खात्यांत नोंद केली असती आणि पुतण्याला म्हटले असते, बेरीज अजून व्हायची आहे.

ती बेरीज किती अवघड आहे, याचा प्रत्यय मला यंदा जूनमध्ये आला. मृग लागता लागता एका संध्याकाळी जोराचे वादळ झाले. विजेचे खांब आडवे पडले, गावची डी.पी. जळाली. डी.पी. जळणे आमच्याकडे नवे नाही. शेतकऱ्याला विजेवर विश्वास ठेवायला सांगणाऱ्याने आधी जळालेल्या मोटारपंपांची मोजदाद करावी. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. आकाश स्वच्छ, ऊन कडकडीत, छपरावर पॅनेले चकाकत आहेत, आणि घरात अंधार. मी विचारले, "अरे, तुझा कडबा कुठे गेला?" तेव्हा कळले की ही पॅनेले गावच्या तारेशी जोडलेली असतात, तार मेली की तीही आपोआप बंद होतात. खांबावर काम करणाऱ्या माणसाला उलटा झटका बसू नये म्हणून तशी योजनाच असते. योजना शहाणपणाची आहे. पण गंजी डोळ्यांसमोर आणि बैल उपाशी, अशी स्थिती झाली खरी.

तिसऱ्या रात्री अकराच्या सुमारास वहिनींच्या छातीत दुखू लागले. घाम सुटला, डावा हात जड झाला. गाडीत वीज एकेचाळीस टक्के. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आमच्या गावाहून सत्तर किलोमीटर. पुतण्याने मनात गुणाकार केला आणि मीही केला. दोघेही बोललो नाही. ऐंशी किलोमीटर, फार तर. शेजाऱ्याची डिझेलची जीप लग्नाला गेलेली. निघालो. गारवा बंद, काचा खाली, वेग पन्नासच्या वर नाही. मागे वहिनींचे डोके मांडीवर घेऊन सूनबाई. गाडी इतकी निःशब्द चालते की वहिनींचा प्रत्येक श्वास ऐकू येत होता. मी रस्त्याकडे कमी आणि त्या आकड्याकडे जास्त पाहत होतो. पुलाच्या चढावर तो दोनाने उतरे, उतारावर थोडा सावरे. पेट्रोलच्या गाडीत काटा खाली गेला तर माणूस पंप शोधतो. येथे शोधायचे काय?

पोहोचलो तेव्हा सहा टक्के उरले होते. झटका सौम्य होता, वेळेवर आणले, असे डॉक्टर म्हणाले. वहिनी आज घरी आहेत आणि पथ्यावरून सुनेशी वाद घालतात.

वर्ध्याला वहिनींची बहीण राहते. पहाटे तीनला आम्ही तिकडे निघालो. वाटेत एक चार्जिंग केंद्र लागले. पाटीवर दिवा होता, यंत्राचा पडदा काळा. तसेच पुढे गेलो. मावशींनी दार उघडले, चुलीवर चहा ठेवावा तितक्या सहजपणे फ्रिजचा सॉकेट मोकळा करून दिला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर बाहेर सोडली. सकाळी अकरापर्यंत गाडीने बावीस युनिटे घेतली. पुतण्याने हिशेब करून दोनशे वीस रुपये ओट्यावर ठेवले.

मावशी म्हणाल्या, "बाप्पा! पाव्हण्याच्या बैलाच्या कडब्याचे पैसे घेते काय कोणी?"

दुपारी आम्ही गावाकडे परतलो. वीज अजून आलेली नव्हती.